सुरीवरचा गवती रंग

एक डोळा झाकून बघ. उजवा झाक, तळहाताने, नीट. बोटांच्या फटीतून बघायचं नाही. आता समोर जे काही असेल, भिंत, आईची ओढणी, दुधाचा पेला, त्याचा रंग मनात धरून ठेव. मग हात बदल. डावा झाक आणि उजव्याने बघ. रंग तोच आहे ना? तुझ्या वयात तोच असतो. आता अशी कल्पना कर, की तो तोच नाही. उजव्या डोळ्याला दूध पांढरं दिसतंय आणि डाव्याला वाटतंय, की त्याच पेल्यात कुणीतरी चमचाभर चहा ओतलाय. दोन्ही डोळे तुझेच. दोघंही शपथेवर सांगतायत. आणि कुणीतरी घाईने विचारतंय, लवकर बोल, रंग कुठला? तुझ्या उत्तरावर एका माणसाची नोकरी टांगलेली आहे. एवढी कल्पना जमली, तर वर्तकनगरच्या भगवान मिस्त्रींचा वैताग तुला कळेल. नाही जमली तरी हरकत नाही. त्यांना स्वतःलाही तो कळायला सात वर्षं लागली.

तर भोपळ्यापासून सुरुवात झाली. दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ, केशरबाई ओट्यापाशी उभ्या राहून लाल भोपळा चिरत होत्या आणि भगवान मिस्त्री बाहेरच्या खोलीत पेपर एकदा उजव्या डोळ्याने, एकदा डाव्या डोळ्याने वाचत होते. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बावीस दिवस झालेले. डाव्याचं अजून दीड महिन्याने व्हायचं होतं. आतून टण्ण असा आवाज आला. फार मोठा नाही, ताटावर चमचा पडावा एवढाच. पण मिस्त्रींनी पेपर खाली ठेवला, कारण पस्तीस वर्षं ज्या माणसाने पोलाद तापवलं त्याला चमच्याचा आवाज आणि पोलाद तुटल्याचा आवाज झोपेतही वेगळा ओळखू येतो. "अहो," केशरबाईंनी हाक मारली, "तुमची सुरी भोपळ्याने खाल्ली बघा. अर्धी आत राहिली." मग त्यांनी विळी ओढली, पाटावर बसल्या आणि उरलेला भोपळा निमूटपणे चिरून टाकला. त्यांच्या त्या निमूटपणाचाच मिस्त्रींना जास्त वैताग आला. एखादा टोमणा तरी मारायचा. तो त्यांनी पुढे जेवताना मारला. "पस्तीस वर्षं कंपनीत लोखंड, आता घरात लोखंड. आणि कापायला शेवटी माझ्या आईची विळीच."

ही दुसरी सुरी होती. पहिली तर नारळावरच गेली होती. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं मिस्त्रींनी हात मांडीवर ठेवून काढली. मग एक दिवस मोबाइलवर त्यांना कुठल्या तरी थंड देशातला एक दाढीवाला माणूस दिसला. तो परसात भट्टी पेटवून सुरी घडवत होता, आणि चुका करत होता. त्या चुका बघवेनात म्हणून मिस्त्री उठले. तळमजल्याच्या घरामागे धुणं वाळत घालायची बोळकांडी होती, तिथे ट्रकच्या चाकातला जुना ड्रम मांडून त्यांनी भट्टी केली. सुनेचा, म्हणजे रचनाचा, बंद पडलेला केस वाळवायचा ड्रायर दुरुस्त करून त्याचा भाता केला. खोपट डेपोजवळच्या एका गॅरेजमधून टेम्पोच्या स्प्रिंगच्या कमानीतली मोडकी पट्टी आणली. रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा ऐरण म्हणून मिळवला. आणि मग जो वैताग सुरू झाला त्याला अंतच नव्हता. कोळसा ओला निघायचा. ड्रायर दहा मिनिटांत हात भाजेल एवढा तापायचा. वरच्या मजल्यावरच्या क्लासवाल्या बाई खिडकीतून "काका, माझे फ्रॅक्शन्स चाललेत हो" असं ओरडायच्या. सोसायटीच्या फळ्यावर "लोखंडी कामे आवारात करू नयेत" असं कुणाचंही नाव न घेता लिहून झालं. मुलगा राकेश रविवारी चहा पिता पिता सांगायचा, "बाबा, पाणी उतरवायला एवढं टेन्शन कशाला घेता? रचनाचा ओव्हन आहे ना. दोनशेवर लावा, दोन तासांनी काढा. संपला विषय." यावर मिस्त्री कपबशी उचलून मोरीत ठेवायचे. ज्याला संपलेला विषय वाटतो त्याच्याशी काय बोलणार? पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवलं, म्हणजे लोहाराच्या भाषेत त्याला पाणी दिलं, की ते कडक होतं, काचेसारखं. कडक आणि ठिसूळ. मग ते पुन्हा थोडंसं तापवून त्याचा हट्ट उतरवायचा असतो. लोहार याला पाणी उतरवणं म्हणतात. घासून चकचकीत केलेलं पोलाद सावकाश तापू लागलं, की त्याच्यावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा फिका पिवळा, मग गडद गवती, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. प्रत्येक रंगाचं काम वेगळं. गडद गवतीवर काढलं तर सुरी, निळ्यावर काढलं तर स्प्रिंग. मध्ये फार तर पंधरा-वीस सेकंद. हे ज्याच्या डोळ्याला कळतं त्याला ओव्हन कशाला? वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात, जिथे पत्र्याला भोकं पाडायचे पोलादी पंच तयार व्हायचे, तिथे साहेब लोक पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे मशीन नाही, आमच्याकडे भगवान आहे.

जेवणानंतर मिस्त्री भोपळ्यातून निघालेला तुकडा धुऊन खिडकीपाशी घेऊन बसले. तुटलेली कड वर धरली. दाणा भरड होता, साखर भुरभुरावी तसा. असा दाणा त्यांनी आधी एकदा, एका टेबलावर, पांढऱ्या कागदावर मांडलेला पाहिला होता. पण ते लक्षात यायच्या आत त्यांनी तुकडा उलटा केला. सुरीच्या पाठीवर चढलेला रंग ते मुद्दाम घासून काढत नसत. ती त्यांची सही होती. गडद गवती, कार्तिकातल्या उन्हात पेंढीवर असतो तसा. त्यांनी पाहिलं, आणि तिथे सही नव्हती. नुसतं पोलाद होतं. पांढरं, थोडं निळसर, आणि कडेला जेमतेम एक पिवळी झाक, जशी नवीन चादरीवर पहिल्या धुण्यानंतर येते. त्यांनी उजवा डोळा मिटला. सही परत आली. डावा मिटला, गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

"आजोबा, तुम्ही कोणाला डोळा मारताय?" प्रीतीने विचारलं. प्रीती म्हणजे त्यांची नात, वय वर्षं नऊ, सुट्टीत दिवसभर त्यांच्याच राशीला.

"कोणाला नाही. जा, खेळ."

"मी मघापासून बघतेय. सोळा वेळा मारला."

मोजत कशाला बसते ही पोर! मिस्त्रींनी तुकडा रुमालात गुंडाळून टाकला. पण रुमाल पांढरा होता, ऑपरेशनच्या आधी तो त्यांना बदामी वाटायचा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळी त्यांनी केशरबाईंना विचारलं होतं, ही नवी साडी कधी घेतली? केशरबाई म्हणाल्या होत्या, नवी कुठली, विहारात जाताना नेसते तीच की, पांढरी. दहा वर्षं तीच नेसतेय. तेव्हा दोघंही हसली होती. डॉक्टरकडची मुलगीही हसत म्हणाली होती, "आजोबा, फारच पिकवलात हो, हा दहा वर्षं तरी मुरत असणार." दहा वर्षं. ते हसू आता उतरलं. दहातून निवृत्तीनंतरची सात गेली, उरली तीन. म्हणजे निवृत्तीच्या आधीची तीन. मिस्त्री उठून मोरीत गेले आणि कारण नसताना हात धुतले.

कारखान्यातल्या त्यांच्या मदतनीसाचे, सुधीरचे, हात मोठे होते. चिमट्याने तापल्या तव्यावरचे पंच उचलताना तो त्यांना अंड्यांसारखा जपायचा. सव्वीस वर्षांचा, उंच, बोलायला कमी, मिस्त्रींनी "काढ!" म्हटलं की काढायचा, "थांब" म्हटलं की थांबायचा. सहा वर्षं त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिला. चिमटा कसा धरायचा, तेल किती गरम हवं, भोकं पाडायची ती पाणी देण्याच्या आधी, नंतर नाही, हे सगळं मिस्त्रींनी त्याला पुन्हा पुन्हा, न चिडता शिकवलं होतं. रंग मात्र शिकवला नाही. रंग शिकवता येत नाही, असं ते म्हणायचे. आणि एकदा, त्या शेवटच्या वर्षात, त्यांनी "काढ!" म्हटल्यावर सुधीरचा चिमटा जागीच राहिला होता. "मिस्त्री," तो म्हणाला होता, "अजून पांढरंच दिसतंय." आठवण इथवर आली की मिस्त्री नेहमी दुसरीकडे वळायचे, पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याकडे, कॅन्टीनच्या उसळीकडे. आज वळता येईना. ते म्हणाले होते, "डोळे तपासून घे." चार माणसं हसली होती. सुधीरही हसला होता, आणि त्याने पंच काढले होते.

तीन आठवड्यांनी माल परत आला. गिऱ्हाइकाच्या वर्कशॉपमध्ये पंच ठोकताना फुटला, त्याची कपची एका कामगाराच्या गालात शिरली, डोळ्यापासून दोन बोटांवर. फुटलेले तुकडे साहेबांच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडलेले, भरड दाण्याचे. लवकर काढलेत, ठिसूळ राहिलेत, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला दिसत होतं. कुणी काढले, एवढाच प्रश्न होता. मिस्त्रींना कुणी दटावलं नव्हतं, धाक घातला नव्हता. विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "मी रंग बघूनच सांगतो. याने घाई केली असेल." खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी गडद गवती पाहिला होता. साहेबांनी सुधीरकडे बघितलं. सुधीर मिस्त्रींकडे बघत होता. मग तो म्हणाला, "मिस्त्री बोलतात तर तसंच असेल." दुसऱ्या दिवसापासून डावी बाजू रिकामी. चार महिन्यांनी मिस्त्रींना हार घालून निरोप दिला. भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते अजून चालतं, याचाही त्यांना वैताग आहे. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, जिथे खोटं बोलणार नाही म्हणून सांगायचं असतं, तिथे त्यांना खोकला यायचा. केशरबाई म्हणायच्या, त्या हॉलमध्ये पंखा फार आहे.

पण ठरवायचं कसं? मिस्त्री स्वतःशीच भांडू लागले. हा उजवा डोळा कोण मोठा लागून गेला? बावीस दिवसांचं पोर. त्यात डॉक्टरने बसवलेलं भिंग, परकी वस्तू. तिला सगळंच निळं दिसत असेल. आकाशाकडे बघितलं तर टोचतं, ट्यूबलाइटला कडं दिसतं. आणि डावा? पस्तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला. दाणा भरड आला तो पट्टीच रद्दी असेल म्हणून. गॅरेजवाल्याने काय दिलं, कुणाला ठाऊक. दोन साक्षीदार भांडत असले की तिसरा लागतो. मिस्त्रींनी तिसरी सुरी करायचं ठरवलं, आणि डॉक्टरने भट्टीपासून लांब राहायला सांगितलेला महिना संपायची वाट बघत ते घरभर असे काही फिरले, की केशरबाईंनी त्यांना दोनदा भाजी आणायला पिटाळलं आणि दोन्ही वेळा त्यांनी कच्चे टोमॅटो आणले.

सुट्टी संपायला दहा दिवस असताना भट्टी पेटली. प्रीतीला त्यांनी डोळ्यांना गॉगल लावून दाराच्या उंबऱ्यावर बसवलं. "इथून हलायचं नाही. फक्त बघायचं."

"आणि बोलायचं?"

"विचारलं तर बोलायचं."

पट्टी नारिंगी झाली, की ते ठोकत, लाल पडली की परत कोळशात. खांदा दुखत होता. हातोडा दर चौथ्या घावाला तिरका पडत होता, आणि तिरका पडला की पातं केळ्यासारखं वळायचं. "फ्रॅक्शन्स!" वरून आवाज आला. मिस्त्रींनी वर न बघता हात जोडले. दोन दिवस ठोकणं, तीन दिवस कानशीने घासणं. प्रीतीने सहाव्या दिवशी विचारलं, "दुकानात मिळत नाही का सुरी?" त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती पटकन म्हणाली, "नाही, मी सहज विचारलं." मग सातव्या दिवशी सकाळी पातं पुन्हा तापलं. लोहचुंबक चिकटेनासं झालं, म्हणजे पुरेसं तापलं, तेव्हा त्यांनी नुसती धारेची बाजू गोड्या तेलात बुडवली. भक्कन धूर, वड्यांचा वास. केशरबाई आतून म्हणाल्या, "तळताच आहात तर दोन भजी पण टाका." पातं फुटलं नाही, वळलं नाही. एक बाजू घासून त्यांनी आरशासारखी केली, घरात आले, गॅसवर भाकरीचा लोखंडी तवा ठेवला, तव्यावर पातं, आणि प्रीतीला शेजारी स्टुलावर उभं केलं.

"रंग बदलला की सांगायचं. काय दिसतं ते. जास्त नाही, कमी नाही."

"काय काय रंग येणार?"

"ते मी सांगणार नाही." सांगितलं असतं तर तिने त्यांच्या मनासारखं म्हटलं असतं. आणि त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनाही त्या क्षणापर्यंत स्पष्ट नव्हतं. तवा तापत गेला. त्यांनी उजवा डोळा मिटून घेतला. डाव्याला काही वेळ मळकट पिवळटपणा दिसत राहिला आणि मग, अगदी ओळखीच्या पावलांनी, गवती आला. गडद होत चालला. उजव्या हातातली सांडशी आपोआप पुढे गेली. म्हण, ते मनात म्हणत होते, म्हण पोरी, पिवळा म्हण. तू पिवळा म्हटलंस तर मी सुटलो.

"बोल की गं! झोपलीस का?"

"कशाला ओरडता? तुम्हीच म्हणालात, बदलला की सांग."

"मग बदलला ना!"

"नाही आजोबा," प्रीती म्हणाली. "अजून पांढरंच आहे."

त्यांच्या हातातली सांडशी हवेतच राहिली. तेच शब्द, तोच साधा आवाज, हुज्जत नाही, भीती नाही. फरक एवढाच, की इथे हसायला चार माणसं नव्हती. डावा डोळा ओरडून सांगत होता, काढ, गेला, जळला. मिस्त्री थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते तव्यासमोर दुसऱ्याच्या शब्दावर थांबले, आणि ते थांबणं त्यांना दाढ उपटताना थांबावं तसं झालं. "आता ग्लुकोज बिस्किट," प्रीती म्हणाली. "म्हणजे?" "म्हणजे बिस्किटासारखा. कोरडं बिस्किट." "रंगाचं नाव सांग, खायचं सांगू नको!" "हेच नाव आहे. थांबा. आता चहात बुडवलं. थोडंसं. आता अजून." त्यांनी उजवा डोळा उघडला. पात्याच्या पाठीवर गडद गवती होता, स्वच्छ, कोवळा, कुणीही आधी न वापरलेला. असा तो त्यांनी किमान दहा वर्षांत पाहिला नव्हता. "काढा," प्रीती म्हणाली, आणि त्यांनी काढलं.

दुपारी त्यांनी त्या सुरीने नारळाची करवंटी तोडली. नवा भोपळा आणून तोही तोडला. पितळी कांबीवर धार दाबली. धार थोडी लवली आणि जागेवर आली. पातं शिकंज्यात धरून त्यांनी ते वाकवलं, हळू, मग जोराने, मग रागाने. सुरी तुटली नाही. ती तुटावी असं त्यांना किती मनापासून वाटत होतं, ते ती तुटली नाही तेव्हाच त्यांना कळलं.

"मूठ बसवायची तर पात्याला भोकं पाडून आणली पाहिजेत," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. "विठ्ठलवाडीला एकाकडे ड्रिल आहे."

"वर्तकनगरात ड्रिल नाही?" केशरबाईंनी विचारलं.

"चांगलं नाही."

केशरबाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. "प्रीतीला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "रस्ता ओलांडताना एका बाजूचं दिसत नाही तुम्हाला."

खोपटहून एसटीने कल्याण, तिथून रिक्षा. सुधीरचं दुकान कुठे आहे, हे मिस्त्रींना कधीच विचारावं लागलं नव्हतं; जुन्या कामगारांपैकी कुणी ना कुणी लग्नात भेटलं की न विचारता सांगायचं, उल्हासनगरच्या शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावतो, छोटं ड्रिल टाकलंय, बरं चाललंय. बरं चाललंय हे ऐकल्यावर मिस्त्री आणखी एक जिलेबी घ्यायचे. आता बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं. सुधीर, मला तुला एक सांगायचं होतं. नको, हे सिनेमातलं वाटतं. सुधीर, तेव्हा झालं काय, की. नको, हा खुलासा झाला. खोपटपासून कल्याणपर्यंत एकही वाक्य धड घडलं नाही. सगळी तिरकी. प्रीती मांडीवर सुरीची पिशवी घेऊन शेजाऱ्याला सांगत होती, की हिच्यात काय आहे ते ती सांगू शकत नाही.

दुकान म्हणजे एक शटर, आत सहा पावलांची जागा. सुधीर वाकून कातरी घासत होता. कानावरचे केस पांढरे झालेले, हे उजव्या डोळ्याने लगेच सांगितलं. त्याने वर बघितलं, मशीन बंद केलं आणि उठून उभा राहिला.

"मिस्त्री? तुम्ही? या ना, बसा. अरे, खुर्ची तेलकट आहे, थांबा." त्याने फडक्याने खुर्ची पुसली. "आणि ही कोण?"

"नात. प्रीती. भोकं पाडायची होती रे, दोन. मुठीसाठी." त्यांनी पातं काढून दिलं. इतकंच तोंडातून निघालं.

सुधीरने पातं हातात तोललं. तेच मोठे हात, अंड्यासारखं जपणारे. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "मिस्त्री, भोकं आधी पाडायची ना. पाणी देण्याच्या आधी. तुम्हीच शिकवलंत."

"विसरलो."

"तुम्ही?" सुधीर हसला. "बरं, मागची बाजू नरम ठेवलीय म्हणून जमेल." त्याने चहा सांगितला. ड्रिल चालू झालं, किरकिरत, बारीक साल काढत. शिंप्यांचा सीझन, लाइट जाणं, मुलगा पहिलीत, असं तो मान खाली घालून बोलत राहिला. मिस्त्री प्रत्येक वाक्याला हूं म्हणत होते. बोल, आता बोल, चहा यायच्या आत बोल. चहा आला. साय आलेली होती. ती बोटाने काढून कुठे पुसावी, या विवंचनेत आणखी दोन मिनिटं गेली. स्वतःचा असा वैताग त्यांना कधी आला नव्हता; जीभ म्हणजे ओला कोळसा झाली होती. दोन्ही भोकं झाली. सुधीरने पातं फडक्याने पुसलं, दाराच्या उजेडात धरलं आणि त्याची पाठ बघून थांबला.

"गडद गवती," तो हळूच म्हणाला. "वा. एक नंबर. तुमचा डोळा अजून तसाच आहे, मिस्त्री."

हे मिस्त्रींना ऐकवेना. आणि तरी, क्षणभर, फार थोडा वेळ, ते त्यांना बरं वाटलं. एवढ्यावर उठता आलं असतं. चहा संपला होता, सुरी झाली होती.

"आजोबांचा नाही!" प्रीती स्टुलावरून उतरली. "रंग मी बघितलेला. आजोबा तर कधीचे काढा-काढा करत होते. मी म्हटलं, अजून पांढरंच आहे. त्यांना ना, एका डोळ्याने सगळं आधीच पिवळं दिसतं. दहा वर्षं. डॉक्टरीणबाई बोलल्या."

सुधीरच्या हातातलं फडकं थांबलं. बाहेर कुणीतरी स्कूटर बंद करत होतं, ती बंद होत नव्हती.

"खोटं वाटतं? थांबा, दाखवते." प्रीतीने बाकावरचा घासलेल्या पोलादाचा एक कोरा तुकडा उचलला, आजोबांच्या खुर्चीपाशी आली आणि तळहाताने त्यांचा उजवा डोळा घट्ट झाकला. हाताला चहाच्या बिस्किटाचा वास होता. "सांगा. रंग कुठला?"

तो पांढरा होता हे मिस्त्रींना माहीत होतं. आत्ता, या बाकापाशी, पांढरा म्हणायला कसलीच अडचण नव्हती. दिसत मात्र वेगळंच होतं.

"गवती," ते म्हणाले. खोकला आला नाही. "मला गवती दिसतोय, सुधीर. तेव्हाही गवतीच दिसत होता. तू पांढरं म्हणालास, ते पांढरंच होतं. आणि साहेबांसमोर मी तुझं नाव घेतलं."

स्कूटर बंद झाली. सुधीरने फडक्याची घडी केली, मोडली, परत केली. त्याची नजर तुकड्यावर होती, मिस्त्रींवर नव्हती. आपण आणखी काही बोललो तर बिघडेल की न बोललो तर बिघडेल, हे मिस्त्रींना ठरवता येईना, आणि डोळ्यावरचा छोटा हात तर कुणी काढतच नव्हतं.

मोठी माणसं अशी गप्प बसली की प्रीतीला कंटाळा येतो. तिने हात काढून फ्रॉकला पुसला आणि ती सुधीरकडे वळली. "आता तुमची पाळी, काका. वाका ना. एवढे उंच कशाला झालात?"

सुधीर तसाच उभा राहिला. प्रीती टाचा उंच करून, हात वर धरून थांबली, बसची वाट बघावी तशी, बस येणारच आहे अशा खात्रीने. मग सुधीर गुडघ्यांवर हात टेकून सावकाश वाकला. तिने त्याचा एक डोळा झाकला आणि तुकडा समोर धरला.

"रंग कुठला?"

"पांढरा," सुधीर म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. पांढराच."

मग प्रीतीने हात बदलला, आणि दुसऱ्या डोळ्यालाही तेच विचारलं.